मागच्या रांगेतले ड्रम

प्रिय खोडरबर,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. दादा आणि पत्र! ज्या माणसानं आयुष्यात वजनाच्या पावतीपेक्षा लांब काही लिहिलं नाही, त्याला आज झालंय तरी काय? तुझी वहिनी मघाशी डबा द्यायला आली आणि दारातच थबकली. "अहो, मृत्युपत्र लिहिताय की काय? मग सावकाश लिहा, मला काही घाई नाही," म्हणाली. मी म्हटलं, बहिणीला लिहितोय. तर म्हणे, "मग शुद्धलेखन तपासा, नाहीतर लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवेल ती." तेव्हा चुका दिसल्या तर पोटात घाल. वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसलोय. काटा आज तपासणीसाठी बंद आहे, गाड्या फाटकाबाहेर ताटकळल्यात, आणि इथे इतकी शांतता आहे की पत्र्यावर चालणाऱ्या कबुतराची नखं ऐकू येतायत.

आधी आनंदाची बातमी, जी तू मला सांगितली नाहीस आणि मला बाहेरून ऐकावी लागली. तुझं कंट्रोलचं पुस्तक मुख्य कचेरीला इतकं आवडलंय म्हणे, की बाकीच्या कारखान्यांनीही तसंच लिहायचं असा हुकूम निघणार आहे. ऐकून छाती फुगली. तुमच्या मुख्य कचेरीतला एक साहेब गोदाम बघायला आला होता, त्याला मी म्हटलं, "ते पुस्तक या केबिनमध्ये जन्मलंय, माहितीये का?" तो हसला. त्याला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पण खरंच की नाही सांग. मोठ्या कंपनीनं तुमचा कारखाना विकत घेतला, हिशेबाच्या प्रत्येक कामावर लक्ष कोण ठेवतं आणि कसं ठेवतं ते लिहून काढा म्हणाली, आणि तू दर शनिवारी कागदांचं भेंडोळं घेऊन माझ्याकडे यायला लागलीस. समोरच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायचीस, लहानपणी बसायचीस तशी, आणि मोठ्यांदा वाचायचीस. "दादा, तुला कळलं तर ऑडिटरला कळेल." मी विचारायचो, "म्हणजे अडाणी कोण? मी की तो?"

पहिल्या मसुद्यात तू लिहिलं होतंस, 'गरजेनुसार तपासणी केली जाते.' मी विचारलं, गरज कोणाला? तपासणाऱ्याला की ज्याची तपासणी व्हायची त्याला? तू चिडलीस, पान फाडलंस, पुन्हा लिहिलंस. लहानपणीही तुझ्या वहीचं पान खोडून खोडून आरपार दिसायला लागायचं, म्हणून तर तुला हे नाव पडलं. पण नंतर जी काही सफाई आली तुझ्या लिहिण्यात! काम कोण करतो, कधी करतो, कशाशी ताडून बघतो, फरक निघाला तर कोणाकडे जातो, आणि हे सगळं झालं म्हणून मागे काय उरतं. एवढं वाक्यात आलं नाही तर ते वाक्य कच्चं. तू मला हे शिकवलंस आणि मी घरी जाऊन वहिनीवर प्रयोग केला. तिला विचारलं, आपल्या घराचं मागचं दार लावायचं काम कोणाचं? ती म्हणाली, तुमचं. मला वाटायचं, तिचं. म्हणजे इतकी वर्षं ते दार उघडंच. तुला हे सांगितलं तर तू हसली नाहीस. गंभीरपणे म्हणालीस, "दादा, एका कामाला एकच नाव. दोन नावं आली की कोणीच नाही." मला तेव्हा वाटलं होतं, या पोरीला लहान वयात फार शहाणपण आलं. आता त्याच वाक्यानं माझी झोप उडवलीय, ते पुढे येईलच.

आमच्या गोदामाचं पान तू वाचलंस तो शनिवार मला चांगला आठवतो. तुमचा चिकट माल, रंगात घालायचा, ड्रममध्ये सीलबंद होऊन माझ्याकडे येतो. तो खरोखर आहे की नाही हे बघायला हिशेब खात्याचं माणूस येणार, कारखान्याचंही नाही आणि माझंही नाही. यादी हातात घेऊन गोदामात मोजणार, आणि मग उलटं, गोदामातला कुठलाही ड्रम धरून तो यादीत आहे का ते बघणार. प्रत्येकाचं सील शाबूत, लेबल यादीशी जुळणारं, येताना झालेल्या वजनाची पावती जोडलेली, आत काय आहे याचा कारखान्याच्या प्रयोगशाळेचा दाखला. तू वाचून थांबलीस आणि माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, यात सुईसुद्धा शिरणार नाही. अगदी मनापासून म्हटलं. तेव्हाही मी ड्रमच्या रांगांमधून तुला फिरवून आणलं होतं आणि चालताचालता बोटाच्या पेरानं ड्रम वाजवत होतो. ते लिहिण्यासारखं आहे असं ना तुला वाटलं, ना मला. चालताना हात हलतात हे कोणी लिहितं का?

माझी ती खोड तुला माहीत आहे. धक्क्यावर ड्रम गडगडवायचं काम करायचो तेव्हापासूनची. आमचा तेव्हाचा मुकादम डोळ्यांनी अधू होता, पण कानानं माल ओळखायचा. त्याच्या पायाशी वाढलो, दुसरं काय होणार? रिकामा ड्रम घंटेसारखा खणखणतो, ते कोणालाही कळतं. भरलेल्यातला फरक कळायला मात्र वर्षं जातात. तुमचा माल दाट. त्यावर टिचकी मारली की आवाज तिथेच मरतो, गादीवर बुक्की मारावी तसा. मला तो आवाज आवडतो. संध्याकाळी रांगेतून एक फेरी मारली, सगळ्या ड्रमनी तोंड मिटलेलं ऐकलं, की मग घरी जावंसं वाटतं.

आता मेहुण्यांविषयी, म्हणजे तुझ्या नवऱ्याविषयी थोडं. तू म्हणशील, दादा आज सगळ्यांची विचारपूस करत बसलाय. पण मला आधी हे लिहायचंय की ते पहिल्यांदा आपल्या घरी आले तेव्हापासून मला आवडत आले. मोठा हुद्दा, कारखाना सांभाळणारा माणूस, आणि माझ्या ड्रायव्हरबरोबर बाकड्यावर बसून चहा पितात. तुझ्या वहिनीच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची हिंमत असलेला आपल्या घरातला एकमेव पुरुष. मला ते दादा म्हणतात तेव्हा त्यात खोटं काही नसतं. माझे कान एवढं तरी सांगतात. नव्या मालकांनी कारखाने कमी करायचे ठरवलेत, ही कुणकुण लागल्यापासून ते वाळत चाललेत, हे मी बघत होतो. तुलाही दिसत असेलच.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी माल यायला लागला तो नेहमीपेक्षा जास्त. मला बरंच वाटलं. कारखाना जोरात चाललाय म्हणजे माझंही भाडं सुरू. फक्त एक गोष्ट जरा निराळी होती. तो माल मागच्या भिंतीशी लावा, पुढचा आधी उचलायचा आहे, असा मेहुण्यांचा स्वतःचा फोन आला. एवढ्या मोठ्या साहेबानं रांग कुठे लावायची ते सांगायला फोन करावा? पण घरचा माणूस, म्हटलं, आपलेपणानं केला असेल. पावत्या बघितल्या. वजन तंतोतंत. सील चकचकीत. मग संध्याकाळच्या फेरीत सवयीनं टिचकी मारली आणि पाय थांबले. आवाज मेला नाही. बारीकसा मागे राहिला, बंद खोलीत कोणीतरी श्वास घ्यावा तसा. दुसऱ्यावर मारली. तोच. पूर्ण रांग तशीच.

मला वाटलं, कान म्हातारे झाले. कोणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या मुकादमाला तिकडे नेलं, त्याला काही न सांगता म्हटलं, जरा वाजव. त्यानं वाजवला, कान लावला, पुन्हा वाजवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मालक, माल बदलला का यांनी?" मी म्हटलं, लेबल तर तेच आहे. तो म्हणाला, "लेबल काय, माझ्या बनियनला लावलं तरी चिकटेल." आणि गप्प झाला. तो माणूस एरवी गप्प बसायचे पैसे मागेल असा बडबड्या आहे.

त्याच सुमारास मोजणी झाली. तुझ्या खात्यातल्या चष्मेवाल्या बाई आल्या होत्या. त्यांच्याविषयी तुला एकच सांगतो, त्यांना कधी बोल लावू नकोस. चहासुद्धा मोजणी संपल्यावर घेतला. शिडीवर चढून वरच्या थरातली सीलं बोटानं चाचपली. यादीतून गोदामाकडे, गोदामातून यादीकडे, जसं तू लिहिलंयस तसंच्या तसं. मागच्या रांगेतही गेल्या. साडीचा पदर खोचून, भिंत आणि ड्रम यांच्या फटीत शिरून एकेक लेबल वाचलं. मी बाजूला उभा राहून बघत होतो. त्या काहीच चुकत नव्हत्या. प्रत्येक गोष्ट बरोबर करत होत्या, आणि प्रत्येक बरोबर गोष्टीनं ती रांग जास्त जास्त खरी होत चालली होती. शेवटी कागदावर 'फरक नाही' लिहून सही केली आणि मला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीनं इतकं सोपं करून ठेवलंय की डोकं चालवावंच लागत नाही." कौतुकानं म्हणाल्या गं. मी त्यांच्यासाठी चहा मागवला. तोवर माझ्याकडे नुसता एक आवाज होता. आवाजावर कोण कोणाला काय विचारणार?

मग फोर्कलिफ्टवाल्याचा अंदाज चुकला. मागच्या रांगेतून ड्रमखालचा लाकडी पाट उचलताना लिफ्टचा सुळा ड्रमच्या कुशीत घुसला. आमच्याकडे असा अपघात झाला की काय पळापळ होते, तुला सांगायला नको. तुमचा माल एकदा जमिनीला लागला की खरवडूनसुद्धा निघत नाही, आणि वासानं डोळे चुरचुरतात. माणसं वाळूच्या बादल्या घेऊन धावली आणि मधेच थांबली. वास नव्हता. भोकातून जे आलं ते सरळ, स्वच्छ, घाईघाईनं वाहत आलं आणि उताराकडे निघून गेलं. एक हमाल त्यात हात बुडवून उभा राहिला आणि हसला, "साहेब, हे तर पिता येईल." बाकी कोणी हसलं नाही. दुपारच्या उन्हात फरशी वाळली. डागसुद्धा राहिला नाही. तुला खरं सांगतो, डाग राहिला असता तर मला इतकं भ्यायला झालं नसतं.

मी मेहुण्यांना फोन केला. अपघात झालाय, एवढंच सांगितलं. ते तडक आले. ड्रायव्हर नाही, स्वतः गाडी चालवत. गोदामात शिरले, भोक बघितलं, आणि काय झालं, कसं झालं यातलं काहीही विचारलं नाही. गाडीच्या डिकीतून नवीन सील काढलं, लेबल काढलं. खिशातून रुमाल काढावा इतक्या सहज. मी केबिनमध्ये नेऊन बसवलं. पाण्याचा ग्लास हातात फिरवत सगळं बोलले. एक मोठा घाणा फसला होता, सगळा माल आतल्या आत गोठून गेला. ते दाखवलं असतं तर कारखाना बंद होणाऱ्यांच्या यादीत पहिला गेला असता, एवढी सगळी माणसं रस्त्यावर आली असती. तेवढे ड्रम पाण्यानं भरून ठेवले आहेत, पुढच्या घाण्यातून गुपचूप बदलून टाकतो. "दादा, दोन महिन्यांची गोष्ट आहे हो." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला दया आली. अजूनही येते. दोन महिने मी माझी जीभ दातांखाली धरून ठेवली, हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

पण त्या दिवशीचं एक वाक्य मला तेव्हापासून कुरतडतंय. मी विचारलं होतं, अहो, पण मोजणी होते, सील तपासतात, तुम्हाला धाक नाही वाटला? तर ते बॅगेतून तुझं पुस्तक काढून गोदामाचं पान उघडून बसले. पानभर पेन्सिलीच्या रेघा. मोजणे, जुळवणे, चाचपणे, जोडणे, तू लिहिलेल्या प्रत्येक कृतीखाली एक रेघ. "बघा ना, दादा. मोजा म्हटलंय, सील बघा म्हटलंय, लेबल, वजन, दाखला. दाखला तर माझीच प्रयोगशाळा देते. वाजवून बघा, असं कुठे लिहिलंय?" आणि हसले. आपल्या बायकोच्या हुशारीचं कौतुक करावं तसंच हसले. तू ते पान ऑडिटरला समजावं म्हणून लिहिलंस. इतकं स्वच्छ लिहिलंस की काय बघितलं जातं ते तर कळतंच, काय बघितलं जात नाही तेही तितकंच स्वच्छ कळतं. यात तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही. चांगला नकाशा काढला तर तो वाटसरूलाही उपयोगी पडणार आणि दुसऱ्यालाही. पण तुझं ते पुस्तक तुझ्यापेक्षा जास्त वेळा कोणी वाचलं असेल, तर ते तुझ्या घरात वाचलं गेलंय.

दोन महिने सरले. एकही ड्रम बदलला गेला नाही. उलट मागच्या रांगेपुढे आणखी एक रांग लागली, मग तिच्याही पुढे एक. प्रत्येक गाडी आली की मी केबिनमधून उठून जातो, वाजवतो, आणि मुकादम माझ्या तोंडाकडे बघतो. आता तो विचारतही नाही. माणसं ती बाजू टाळून जातात. पुढचा खरा माल रोज थोडा थोडा उचलला जातोय, आणि गोदामात शिरलं की डोळ्यांचा चुरचुराट कमी होत चाललाय. हवा चांगली होत चाललीय, खोडरबर, आणि मला तिथे श्वास घेववत नाही.

गेल्या आठवड्यात ऑडिटरचं पत्र आलं. दर सहा महिन्यांनी येतं ते. तुमच्या ताब्यात आमच्या अशिलाचा काय काय माल आहे ते थेट आम्हाला कळवा, कंपनीमार्फत नको. हेही तुझ्याच पुस्तकातलं, उत्तराला कंपनीचा हात लागता कामा नये. पत्राची बातमी मेहुण्यांना कशी लागली कोण जाणे. ते परवा आले, या खेपेला ड्रायव्हर घेऊन, इस्त्रीच्या कपड्यांत. माझं उत्तर टाइप करूनच आणलं होतं. "तुम्हाला कशाला त्रास, दादा? खाली सही करा फक्त." मी वाचलं. ड्रमची संख्या बरोबर होती. एक शब्दही खोटा नव्हता. फक्त संख्येनंतर 'भरलेले' असा एक शब्द होता. मी म्हटलं, मी असं लिहिणार नाही. सील माझं नाही, मी ते तोडणार नाही. पण एक फुटला तेव्हा पाणी आलं, आणि बाकीच्यांचा आवाज तसाच आहे, हे मी लिहिणार. ते रागावले नाहीत. मी वाट बघत होतो रागावण्याची. गेल्या वेळचं डोळ्यांतलं पाणीही नव्हतं. चहा संपवला, कप बशीत सरळ ठेवला, आणि अगदी मायेनं म्हणाले. "लिहा की. पण पुस्तक कोणाचं आहे ते आधी आठवा, दादा. आत काय आहे ते बघायचं, हे ती विसरली. मी बापडा कारखाना चालवतो. मी तर तिला मेल करून विचारलंही होतं, आतला माल स्वतंत्रपणे तपासायला नको का म्हणून. तिनं लेखी कळवलंय, प्रयोगशाळेचा दाखला पुरेसा आहे."

बाई गं, हे पत्र लिहायचं कारण हेच. ज्या माणसाबरोबर तू रोज एका टेबलावर जेवतेस, त्यानं तुला हे मेल करून का विचारलं, याचा विचार कर. तारीख बघ त्या मेलची. माझी खात्री आहे, पहिला ड्रम माझ्याकडे येण्याच्या आधीची असेल. ज्या घटकेला त्यांना मार्ग सापडला, त्याच घटकेला त्यांनी नावही शोधून ठेवलं, एका कामाला एकच, आणि ते तुझं. सोमवारी तू सही करणार आहेस, सगळी कंट्रोल्स नीट बेतलेली आहेत आणि नीट चालतायत म्हणून. माझं ऑडिटरला जाणारं उत्तर लिहून तयार आहे, माझ्या शब्दांत, टेबलाच्या खणात. ते मी थांबवणार नाही, तू म्हणालीस तरी. पण सोमवारी सकाळपर्यंत ते खणातून बाहेर येणार नाही. तोवर तू स्वतः ऑडिटरकडे गेलीस, तुझ्या पानात काय राहून गेलंय आणि त्यातून काय आत आलंय हे तुझ्या तोंडानं सांगितलंस, तो मेलही आपण होऊन समोर ठेवलास, तर पुस्तक लिहिणारीनंच भोक शोधलं असं होईल. सोमवारनंतर तेच शब्द बोललीस तर तो बचाव ठरेल. तू आणि ते एकाच गाडीतून जाता-येता आणि तुझा फोन त्या गाडीच्या स्पीकरवर मोठ्यांदा बोलतो, म्हणून फोन केला नाही. माझ्या ड्रायव्हरला सांगितलंय, पाकीट कचेरीतच द्यायचं, तुझ्याच हातात. वाचून झालं की हे कागद त्याच्याकडेच परत दे. घरी नेऊ नकोस. आज संध्याकाळी त्यांनी विचारलं, दादानं काय पाठवलं होतं, तर सांग, वहिनीनं डबा पाठवला होता. डबा खरंच पाठवलाय. आणि भाचीच्या शाळेवर वहिनी आधीच जाऊन बसलीय, तिला घेऊन ती इकडेच येईल. तू मागाहून ये किंवा ऑडिटरकडे आधी जा, पण त्या गाडीत बसू नकोस.

तुझाच, फाटकाकडे कान लावून बसलेला,
दादा